शून्य मृत्यूंचा वॉर्ड

डोंबिवलीत घरोघर जाऊन डासांच्या अळ्या शोधायचं काम मी सहा वर्षं करतेय, कंत्राटावर. पिंप उघडून बॅटरी मारायची, फ्रिजमागचा ट्रे नि मनीप्लांटची बाटली बघायची, कोणाला ताप असेल तर नाव वहीत घ्यायचं. वहीच्या मागच्या पानावर मी वॉर्डाचा नकाशा काढला होता. डेंग्यू निघाला की त्या घरावर लाल ठिपका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या जोडीला फवारणीचा पंप पाठीवर वागवणारे एक काका होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, खाडीकाठच्या कोळ्यांतले. खाडीत केमिकल उतरलं, मासळी संपली, म्हणून या कामाला लागलेले.

पहिल्या वर्षी ठिपके ठाकुर्लीकडच्या चाळींत पडले. ऑफिसात सगळे म्हणाले, चाळीतले लोक पाणी साठवतात. साठवतातच. ज्यांना एक दिवसाआड पाणी येतं त्यांनी दुसरं काय करायचं? दुसऱ्या वर्षी ठिपके समोरच्या सोसायट्यांत गेले, तिसऱ्या वर्षी शाळेमागच्या गल्लीत. मी नकाशा काकांना दाखवला. त्यांनी मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिथे अर्धवट सोडलेली एक इमारत होती. कोणी राहतच नव्हतं, तर ठिपका कुठून असणार?

पत्र्याच्या कुंपणातल्या एका फटीतून आम्ही आत शिरलो. लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतकं पाणी, आणि ते अळ्यांनी वळवळत होतं. काकांनी औषध टाकलं, मी रिपोर्ट दिला. बिल्डरच्या पत्त्यावर नोटीस गेली आणि तशीच परत आली. पुढच्या आठवड्यात फटीला नवा पत्रा ठोकलेला. आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, खाजगी जागा आहे, कोर्टात वाद आहे, आत जायचं नाही. काका तरी जाताजाता पत्र्यावरून औषध फेकायचे. खड्ड्यापर्यंत ते पोचत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

चौथ्या वर्षी गणपतीनंतर काकांनाच ताप आला. दोन दिवस त्यांनी तापातच पंप उचलला. खाजगी लॅबच्या रॅपिड टेस्टमध्ये डेंग्यू निघाला. सरकारी दवाखान्यात तपासणीला रक्त द्या, असं मी सांगितलं, ते म्हणाले, उद्या देतो. पाचव्या दिवशी ताप उतरला. फोनवर आवाज मोकळा वाटला आणि मी निर्धास्त झाले. ताप उतरला की खरी काळजी घ्यायची, हे मी आणि ते दारोदार सांगत आलेलो. एकमेकांना सांगायचं राहिलं. सहाव्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आठव्या दिवशी दुपारी ते गेले.

डेंग्यूने गेलेल्यांच्या सरकारी यादीत मी त्यांचं नाव घालायला गेले तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं. "रॅपिड टेस्ट आपण धरत नाही. सरकारी नमुना कुठे आहे?"

हेच वाक्य त्याच्या आदल्या वर्षी मी शाळेमागच्या गल्लीतल्या एका आईला सांगितलं होतं. तिची मुलगी गेली होती. ती रिपोर्टचा कागद पुढे करत होती आणि मी नियम समजावत होते, अगदी शांतपणे.

दहाव्याला मी काकांच्या घरी गेले. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "त्यांचा नाव तुजे वहीन हाय ना?"

"आहे, काकी."

खोटं नव्हतं ते. वहीत होतं. यादीत नव्हतं, आणि वही कोणी मागत नाही.

साथ ओसरल्यावर आढावा बैठक झाली. आमच्या वॉर्डात डेंग्यूचा एकही मृत्यू नाही, म्हणून सत्कार. काकांचा उल्लेख झाला. एक मिनिट उभं राहायला लावलं, 'अल्पशा आजाराने' असं म्हणाले. मग मला स्टेजवर बोलावून साहेबांनी गुच्छ दिला. एवढ्या लोकांसमोर माईक हातात होता. मी आभार मानले आणि खाली येऊन बसले. पुढच्या वर्षी माझं कंत्राट वाढवून मिळालं.