मला उचलून नेलं

टेबलावरची बाई खाली उतरली आणि तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. कळा तिला येत होत्या आणि पडले होते मी.

मी नर्स होते. सरकारी कागदावर ए.एन.एम. म्हणतात, म्हणजे गावोगाव फिरून बाळंतपणं करणारी, लसी टोचणारी बाई. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडे एका बाजाराच्या गावात माझं उपकेंद्र होतं. दोन खोल्या, एक टेबल, एक स्टोव्ह. तेव्हा आमचा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता. वर्ष सत्तरच्या दशकाच्या मधलं कुठलंतरी.

मुंबईहून ऑपरेशन करून येऊन मला काही महिने झाले होते. लहानपणी सांधे सुजून ताप आला की कधीकधी तो हृदयाला धरतो. हृदयात रक्ताची ये-जा करणारी दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. माझं एक दार चिकटून अरुंद झालं होतं. जिना चढले की धाप लागायची, रात्री उताणं झोपता यायचं नाही. सर्जननी डाव्या बाजूनं बरगड्यांमधून आत जाऊन बोटानं ते दार मोकळं केलं. त्या काळी असंच करत. पाठीपासून छातीखालपर्यंत टाके होते. डावा हात वर केला की बरगडीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं.

हट्ट्याहून आई माझ्याजवळ राहायला आली होती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "आता तू नवी झालीस." मलाही तसंच वाटलं. पण घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ताप भरला. श्वास घेतला की छातीत कळ. मी नर्स असून रडले, कारण मला वाटलं ऑपरेशन फुकट गेलं. आमच्या मेडिकल ऑफिसरांनी तपासलं आणि सांगितलं की काही जणांना ऑपरेशननंतर हृदयाच्या आवरणाला सूज येते, गोळ्यांनी उतरते. उतरली. मग ठोके बिघडले. कधी घोडा उधळल्यासारखे, कधी मधलाच ठोका गायब. पुन्हा गोळ्या, आणि सोबत लघवीची गोळी. ती अंगातलं साठलेलं पाणी काढते. ती घेतली की दर थोड्या वेळानं आडोसा शोधावा लागे. रानातून गावोगाव हिंडणाऱ्या बाईला ते किती अवघड, ते बायकांनाच कळेल.

शेवटी डॉक्टरांनीच कामावर जायला परवानगी दिली. उपकेंद्रातली कामं करा, लांब चालू नका, म्हणाले. मी त्यांचं ऐकत होते. काही चुकवत नव्हते. तरीही त्या दिवशी बाळंतपण करताना ठोके उधळले, डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी भिंतीला घासत खाली पडले.

ती बाई दिवस भरलेली, घामानं निथळत, माझ्या तोंडावर पाणी मारून राहिली होती. गयाबाई सुईण बाहेरच होती. तिनं आत येऊन बाळंतपण केलं. मुलगी झाली, दोघी चांगल्या राहिल्या. मला गयाबाईनं बाळंतिणीशेजारी चटईवर झोपवलं. गावातल्या बायका बाळ बघायला आल्या आणि आधी माझ्याकडे वळल्या. कुणी माझे तळवे चोळले. मी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखं केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर उपकेंद्रात माणूस येईना. आधी आठवडाभर वाट पाहिली. सुया उकळून ठेवायची, झाकून ठेवायची. गरोदर बायका रस्त्यावरून जाताना दारात बसलेल्या मला रामराम घालायच्या, आमच्या वस्तीतल्या जयभीम म्हणायच्या आणि पुढे जायच्या. मला वाटलं, विश्वास उडाला. जिला स्वतःचं सांभाळता येत नाही ती आपलं काय सांभाळणार, असंच म्हणत असतील. मी दारात बसणंही सोडलं. आई विचारायची, तर मी गोळ्यांनी गरगरतं असं सांगायची.

बाजाराच्या दिवशी दुपारी एक म्हातारे धनगर बाबा दाराशी येऊन उभे राहिले. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे होती, मेंढरं होती. मी ओळखत होते, त्यांच्या सुनेला सातवा महिना असताना तपासलं होतं. ते आत येईनात.

"रगत थांबायची गोळी असंल तर द्या," ते म्हणाले.

कुणाला हवी, विचारलं. सुनेला. सकाळी पोरगं झालं, पण वार पडली नव्हती. वार म्हणजे पोटात बाळाला जोडलेली असते ती. बाळामागून ती पडायला हवी. ती अडकली की रक्त थांबत नाही आणि बाई डोळ्यांदेखत पांढरी पडत जाते. गयाबाई तिथंच होती आणि तिचा इलाज चालत नव्हता.

"मला सकाळीच काहून न्हाई बोलावलं?"

बाबा म्हणाले, "तुमच्या जिवाला तकलीफ हाये. आमी समद्यांनी ठरवलं, बाईला तरास द्यायचा न्हाई. तुमी येऊ नका, गोळी तेवढी द्या."

तेव्हा मला कळलं. विश्वास उडाला नव्हता. गाव माझ्यावर दया करत होतं. आणि त्या दयेत एक बाई मरायला टेकली होती. मला इतकी शरम कधीच वाटली नव्हती, कारण मी दार लावून बसले होते आणि बाहेर हे चाललं होतं.

गोळीनं भागणार नाही, मला यावं लागेल, असं मी सांगितलं. पण यायचं कसं? वस्ती चालत गाठायची तर मधे ओढ्याची दरड, खाली उतरा, वर चढा. माझ्यानं ते होणार नव्हतं, मधेच पडले असते तर दोघींना उचलावं लागलं असतं. जीप सडकेपुरतीच चालायची. बैलगाड्या सगळ्या रानात. मी म्हणाले, "बाबा, चार माणसं आणा. मला उचलून न्या."

हे वाक्य तोंडातून काढायला मला जे लागलं, ते टाके काढतानाही लागलं नव्हतं.

बाबा बाजारातून चौघांना घेऊन आले, शेजारची बाज घेतली. मी पिशवी पोटाशी धरून बाजेवर आडवी झाले, कारण बसलं की बाज कलंडत होती. आई दारात उभी होती. तिच्या तरुणपणी या लोकांनी आमची सावली टाळली असती, आणि आज तेच तिच्या लेकीची बाज खांद्यावर घेत होते. ती मला एवढंच म्हणाली, "पदर नीट घे."

वाट भर बाजारातून होती. भाजीवाल्या, बांगडीवाले, सगळे उठून उभे राहिले. एका म्हातारीला वाटलं मी गेले. तिनं हात जोडले आणि मोठ्यानं रडायला लागली, तिचं बघून आणखी दोघी. मी कोपरावर उठून सांगितलं, "जिवंत हाये, माय. बाळंतपणाला चालले." कुणीतरी हसलं. मी पुन्हा आडवी झाले आणि तोंडावर पदर ओढून घेतला. पदराखाली माझे ठोके पुन्हा चुकत होते. मी श्वास संथ ठेवला आणि पिशवीतली औषधं मनात लावून घेतली.

सून गोधडीवर पडली होती. ओठ पांढरे, नाडी बारीक, पण बोलत होती. मी तिच्याशेजारी फरशीच्या तुकड्यावर बसले, तशीच शेवटपर्यंत बसून होते. पोटावर हात ठेवला तर खाली फुगलेलं लागलं. पहाटेपासून लघवी झालेली नव्हती. लघवीची भरलेली पिशवी कधीकधी वारेची वाट अडवते. मी रबराची नळी घालून लघवी काढली. माझ्या डाव्या हातात जोर नव्हता, म्हणून पोट चोळायचं काम गयाबाईला सांगितलं, जोरात नको, गोल गोल. थोड्या वेळानं पोट दगडासारखं घट्ट झालं आणि वार खाली आली. मी ती पाण्यात धुऊन उलटसुलट पाहिली. तुकडा आत राहिला तर रक्त पुन्हा सुरू होतं. पूर्ण होती. मग गर्भाशय आवळून धरणारं इंजेक्शन दिलं. गोधडीवरचं ओलं पसरणं थांबलं.

तरी रक्त फार गेलं होतं. तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेणं भाग होतं. त्याच चौघांनी त्याच बाजेवर तिला घातलं, सडकेला जीप मिळते म्हणून घेऊन गेले. गयाबाई बाळ घेऊन मागून गेली.

मी राहिले वस्तीवर. माझी बाज गेली होती. सासू कौसाबाईनं मला ओसरीवर बसवलं, पाठीला पोतं दिलं. मेंढरं घरी यायला लागली तरी बाज येईना. लघवीच्या गोळीमुळे मला दोनदा आडोशाला जावं लागलं आणि दोन्ही वेळा कौसाबाईनं बगलेत धरून नेलं. तिनं मला विचारलं, "घाबरून राहिली व्हय?" मी नाही म्हणाले. घाबरले नव्हते. इतक्या जणांच्या हाती लागलं आपलं अंग, याचीच लाज वाटत होती.

रात्री बाज परत आली, तेव्हा मी घरी पोचले. सून वाचली. महिनाभरानं बाळाला घेऊन लस टोचायला आली. चालत आली, मला तिचा हेवा वाटला.

डॉक्टरसाहेबांना मी घडलेलं सांगितलं. त्यांनी माझी नाडी धरून विचारलं, "गेलात कशा?" मी म्हणाले बाजेवर. त्यांनी नाडी मोजून संपवली. मग म्हणाले, "चालत गेला असता तर मी तुम्हाला घरी बसवलं असतं. असंच जात जा."

पुढच्या बाजाराला मी स्वतः जाऊन भाजीवाल्यांच्या ओळीत बसले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं. मला चालवत नाही, चढवत नाही, जोर लावून ओढवत नाही. बाकी सगळं येतं. वेळेवर बोलवा आणि न्यायला माणसं घेऊन या. कुणाला हसू आलं, कुणाला कीव आली. मी मान वर ठेवून सांगितलं, पण कान तापले होते.

बदली होईपर्यंत मी अशीच जात राहिले, कधी बैलगाडीतून, कधी बाजेवर. सवय झाली नाही. दर वेळी उचलताना अंग चोरलं जायचं. हृदयाचं ऑपरेशन झालेले लोक आता मला विचारतात, लाज कशी गेली. गेली नाही. पण तिच्यापायी मी घरात बसले, तेव्हा रक्त दुसऱ्याच बाईचं गेलं होतं.