बारा कीटकांचे आठ केले

मंडळी, दुपारपासून मन लागत नाहीये.

टेबलावर छोटे पुतळे मांडून खेळायचा अंतराळयुद्धाचा खेळ मी बनवतोय. माझ्या राक्षसांच्या तुकडीत तिघे, मैत्रीण स्मिताच्या कीटकांच्या तुकडीत बारा. कीटक सारखे जिंकायला लागले, म्हणून आज मी तिची तुकडी आठावर आणली.

तळा गावाहून एसटीने ती दिवेआगरला मुद्दाम खेळायला आली होती. बाराही कीटक तिने स्वतः रंगवलेले.

"अरे, मग ह्या चौघांचं काय करू?" एवढंच म्हणाली.

पुढचे तिन्ही डाव ती हरली. निघताना कीटकांची पेटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "राहू देत तुझ्याकडेच."

खेळ बरोबरीचा व्हावा म्हणून मी आकडा बदलला, की मला हरणं सोसत नव्हतं म्हणून? तुम्हाला काय वाटतं?