मास्तरांच्या ट्रॅक्टरची ट्रायल

चाळीस वर्षं शिवणकाम करून मास्तरांच्या पदरी दोन गोष्टी पडल्या. एक वाकलेली पाठ, आणि दुसरी, माणूस दिसला की मनातल्या मनात त्याची कंबर मोजायची खोड. समोरचा आपलं दुःख सांगतोय आणि मास्तर मान डोलावत विचार करतायत, छत्तीस, आणि डावा खांदा अर्धा इंच खाली. कपडे शिवणाऱ्याला सगळेच मास्तर म्हणतात, तसं यांनाही म्हणत. खरं नाव बायकोला सुद्धा कागदपत्रं काढल्यावरच आठवायचं.

मास्तरांचा एक नियम होता. ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कच्चा टाका घालून आधी अंगावर चढवून बघायचं. या नियमामुळे गिऱ्हाइकं वैतागायची आणि या नियमामुळेच परत यायची.

तर अशा या माणसाने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. बायको आधी हसली, मग घाबरली.

कारण होतं ताई. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. वस्तीबाहेर रानातल्या घरात एकटीच राहायची. मोठ्या रस्त्यापासून घर पाचशे पावलं, मध्ये सगळी झाडी आणि एका बाजूला ओढा. यजमान होते तोवर दर वर्षी झुडुपं छाटून गाडीवाट मोकळी ठेवायचे. ते गेले आणि सहा-सात वर्षांत रानाने वाट गिळून टाकली. उरली एक पायवाट, तीही अंग चोरून चालावं अशी.

एके दिवशी ताई न्हाणीघरात घसरली. रुग्णवाहिका आली, पण रस्त्यावरच अडली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन काट्यांतून आत गेली आणि ताईला घेऊन बाहेर आली, त्याला पाऊण तास लागला. वाटेत स्ट्रेचरची चादर तीनदा काट्यांत अडकली. नशिबाने मनगटाचंच हाड मोडलं होतं. पण ताईची मुलगी शहरातून धावत आली ती रडून लाल झालेली, आणि तिने दवाखान्याच्या व्हरांड्यातच मामाला बजावलं.

"मामा, आई आता तिथे जाणार नाही. आज मनगट होतं. उद्या छातीत कळ आली तर? प्लास्टर निघालं की मी तिला घेऊन जाणार."

"चौथ्या मजल्यावर? अगं, ती खिडकीतून खाली बघून वेडी होईल."

"होऊ दे. वेडी आई मला चालेल." असं म्हणून तिने डोळे पुसले आणि जरा नरमली. "गाडी दारापर्यंत गेली तर मी एक शब्द बोलणार नाही. पण सहा आठवड्यांत काय होणार आहे, मामा?"

मास्तरांनी मनात दिवस मोजले. घाईच्या ऑर्डरी त्यांनी आयुष्यभर घेतल्या होत्या.

प्लास्टर निघेपर्यंत ताई मास्तरांकडेच राहिली. एका हाताने तिने तीन दिवसांत भावजयीचं सगळं स्वयंपाकघर हलवलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, चहाची गाळणी खिळ्यावरून ड्रॉवरमध्ये. मास्तरांची बायको भांडी जरा जोरातच ठेवायला लागली. तिने मास्तरांना एकदा गाठून हळूच विचारलं, "अहो, तुमचं ते ट्रॅक्टरचं खरं आहे ना? मग उद्याच जा."

भाड्याने यंत्र आणायचाही विचार झाला होता. पण भाड्याचं यंत्र केवढं तरी मोठं, एका दिवसात सगळं सपाट करून जाणारं. ताईने साफ नाही म्हटलं. शिवाय झुडुपं दर वर्षी उगवणारच. दर वर्षी कोणाच्या पाया पडायचं? घरचा लहान ट्रॅक्टर हवा, मागे झुडुपं कापणारं पातं आणि पुढे उचलायची बादली असलेला, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

शोरूममध्ये गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता होता. टायची गाठ तिरकी होती, ते मास्तरांना आल्या आल्या खुपलं. विक्रेत्याने सगळ्यात मोठा ट्रॅक्टर दाखवला.

"काका, हा बघा. पंचावन्न घोड्यांची ताकद."

"पंचावन्न घोडे माझ्या बहिणीच्या अंगणात वळणार कसे?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि ट्रॅक्टरची मापं घ्यायला सुरुवात केली. चाकापासून चाकापर्यंत, जमिनीपासून पोटापर्यंत, डोक्यावरच्या लोखंडी कमानीपर्यंत. खिशातल्या गिऱ्हाइकांच्या वहीत लिहूनही घेतलं, कंबर, घेर, उंची असेच रकाने करून.

"काका, मापं पुस्तिकेत छापलेली आहेत."

"छापलेला माणूस आणि समोर उभा राहिलेला माणूस कधी एक निघालाय का?"

विक्रेत्याने हात टेकले आणि खुर्ची आणून दिली. मास्तरांनी तीन ट्रॅक्टर मोजले. एक तो थोरला, एक मधला, आणि एक अरुंद अंगाचा धाकटा. थोरल्यावर बसून बघितलं, तर क्लच आणि गिअर यांच्यात त्यांची तारांबळ उडाली, ट्रॅक्टर दोनदा उडी मारून बंद पडला. मधल्याला आणि धाकट्याला मात्र पायाखाली पायडल होतं. पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे. मास्तरांनी पाय ठेवला आणि त्यांचा चेहराच पालटला. चाळीस वर्षं मशीनच्या पायडलवर गेलेला पाय तो. अंगठ्याच्या नुसत्या इशाऱ्याने त्यांनी ट्रॅक्टर वीतभर पुढे घेतला, वीतभर मागे घेतला, आणि बरोबर फरशीच्या रेघेवर उभा केला.

"आधी चालवलाय वाटतं?" विक्रेता म्हणाला.

"रोज. फक्त त्याला चाकं नव्हती."

आता इथेच एखाद्याने बयाणा दिला असता. पण ट्रायल? मास्तरांनी घरी येऊन बांबूच्या काठ्या बांधल्या, वर अस्तराचं जुनं कापड ताणलं आणि ट्रॅक्टरच्या मापाचा सांगाडा उभा केला. काठ्या सरकवल्या की थोरल्याचा धाकटा होई. मग पुढे मास्तर, मागे बायको, असे दोघं तो सांगाडा उचलून ताईच्या रानात शिरले. झाडाझाडांमधून नेऊन बघायचा, कुठला बसतो आणि कुठला अडकतो.

वाटेत पोस्टमन सायकल धरून उभा राहिला.

"मास्तर, तंबू हरवला का सर्कस?"

"ट्रॅक्टर आहे," मास्तरांची बायको मागून ओरडली. "आणि इंजिन मी आहे!"

थोरला बारा ठिकाणी अडकला. मधला चार ठिकाणी. धाकटा मात्र सुईत दोरा जावा तसा सगळ्या झाडांमधून गेला. मास्तर घामाघूम होऊन पण हसत घरी आले. उद्याच धाकटा पक्का करायचा म्हणाले. ताई खिडकीशी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कुठेच अडकला नाही?"

"कुठ्ठेच नाही. एक फांदी तोडावी लागणार नाही."

"छान. आणि रुग्णवाहिका?"

"रुग्णवाहिकेचं काय?"

"ती केवढी आहे, ते मोजलंस?"

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

"अरे, गिऱ्हाईक कोण आहे?" ताई म्हणाली. "ट्रॅक्टर तर तुझी कात्री. कात्रीचं माप घेऊन आलास आणि कोट घालणाऱ्याला विसरलास. त्या लग्नासारखंच झालं."

त्या लग्नाची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. मास्तर नवखे असताना त्यांनी नवऱ्याचा कोट म्हणून नवऱ्याच्या भावाचं माप घेतलं होतं. भाऊच बोलत होता, भाऊच कापड दाखवत होता, मग मास्तरांनी त्यालाच टेप लावला. कोट भावाला असा बसला होता की सगळे वाहवा करत होते, आणि नवरा त्यात बुजगावण्यासारखा उभा होता.

बायकोला हसू आवरेना. मास्तर उठून दुकानात गेले आणि बराच वेळ उगाच बटणं निवडत बसले. धाकटा घेतला असता, त्याच्यापुरती वाट कापली असती, आणि भाची येऊन बघती तर काय? गाडी तिथेच, रस्त्यावर. अर्धे दिवस तर गेलेच होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर टेप घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी गेले. ताईला नेणारा ड्रायव्हर तिथेच चहा पीत होता, पोट सुटलेला, मिशीवाला. मास्तरांनी परवानगी विचारली आणि रुग्णवाहिकेला टेप लावला.

"काय शिवताय हिला?" ड्रायव्हर म्हणाला. "स्वेटर?"

कारण कळल्यावर मात्र तो खाली वाकून टेपचं दुसरं टोक धरायला लागला. "नुसती रुंदी घेऊ नका, मास्तर. आरसे धरा. मागची दारं उघडायला जागा धरा. आणि दारात पोचलो तर वळून बाहेर येता आलं पाहिजे, पेशंट घेऊन उलटी गाडी मी चालवणार नाही."

शेवटी माप ठरलं. दोन्हीकडे ऐसपैस शिलाई सोडून साडेतीन मीटर. मास्तर कापडाच्या लाल चिंध्या खिशात भरून पुन्हा रानात गेले आणि झाडांना बांधत सुटले. सरळ वाट काढली तर मोठी आठ झाडं जात होती. मग त्यांनी वाट वळवली. काखेतून बाही वळवावी तशी, थोडी इथे सैल, थोडी तिथे आवळून. दोन मध्यम झाडांवरच भागलं, आणि त्यातलं एक वाळलेलंच होतं. ताईने ते ऐकून नुसती मान हलवली, म्हणजे पसंत.

आणि एवढी रुंद वाट करायचीच म्हटल्यावर ट्रॅक्टर अरुंद असायची गरजच उरली नाही. प्रश्न राहिला ओढ्याकाठच्या उताराचा. तिथून वाट आडवी जात होती. विक्रेत्याने सांगितलं होतं की ट्रॅक्टरचं वजन साधारण सीटखाली धरा, आणि बादली भरून उंच उचलली की ते आणखी वर जातं. मास्तरांनी सांगाडा उतारावर ठेवला, मधोमध त्या उंचीवर दोरा बांधला आणि दोऱ्याला आपली मोठी कात्री लटकवली. धाकट्याच्या मापात कात्री लोंबकळत खालच्या चाकापाशीच गेली, बोटभर अंतर राहिलं. कात्री चाकाबाहेर गेली की ट्रॅक्टर उलटणार, म्हणजे एखाद्या दगडावरून वरचं चाक चढलं की संपलंच. बायकोने ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, काल तुम्ही हाच घेणार होतात."

"काल मी मूर्ख होतो. काठी बाहेर सरकव."

मधल्याची चाकं बाहेरच्या बाजूला सरकवून बसवता येत होती. त्या मापात कात्री चांगली दीड वीत आत राहिली. मास्तरांनी पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग तिथेच एका दगडावर बसून पाण्याची बाटली रिकामी केली.

मधला ट्रॅक्टर पक्का झाला. चाकं रुंद, मागच्या टायरांत वजनासाठी पाणी, खुंटाने फाटू नये म्हणून पोटाखाली जाड पत्रा. विक्रेता म्हणाला, "डोक्यावरची कमान झाडांत अडकली तर खाली दुमडता येते, काका." मास्तर म्हणाले, "अडकली तर फांदी छाटीन. उलटलो तर तीच वाचवणार, म्हणून कमान उभीच राहील आणि पट्टा बांधलेलाच राहील. बायकोला तसा शब्द दिलाय." निघताना त्यांना राहवलं नाही, त्यांनी त्याच्या टायची गाठ सरळ करून दिली.

दोन झाडं लाकूडतोड्याने पाडली. बाकी सगळं मास्तरांनी केलं. सकाळी तीन तास रान, मग दुकान. झुडुपं कापायची, काटेरी जाळ्या बादलीने रेटून बाजूला लावायच्या, खड्ड्यांत खडी टाकायची. उताराला बादली कायम जमिनीलगत. पहिल्या दिवशी बायको खाली उभी राहून एवढ्या सूचना ओरडत होती की इंजिनचा आवाज ऐकू येत नव्हता. तिसऱ्या दिवसापासून ती विणकाम घेऊन बसायला लागली, आणि मास्तरांनी ओळखलं की काळजी गेली.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यातल्या रविवारी ड्रायव्हर आला. गाडी धुवायला न्यायची होती, ती त्याने आधी ताईच्या वाटेवर वळवली. शेजारच्या सीटवर ताई बसली. भाची, मास्तर आणि बायको मागून चालत निघाले. भाचीने ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. ओढ्याकाठी गाडी हळू झाली तशी मास्तरांनी डोळेच मिटले. उघडले तेव्हा गाडी उतार ओलांडून पुढे गेली होती. एक पान आरशाला लागलं नाही. दारापुढे पोचून तिने एका वळणात तोंड फिरवलं, मागची दारं धाडकन उघडली, बंद झाली.

"तीन मिनिटं," ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "आणि मी मुद्दाम हळू आलो!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. भाची एक शब्द बोलली नाही, कबूल केल्याप्रमाणे. नुसती मामाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली आणि मग आत जाऊन आईची उशी उन्हात टाकली. तिकडे मास्तरांची बायको कोणाला न सांगता साखरेच्या डब्याचा विचार करत होती. आज घरी गेलं की आधी तो खाली घ्यायचा.

ताईने चहा टाकला. ड्रायव्हर पायरीवर बसला, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "मास्तर, एवढं जमवलंत, आता माझंही एक काम करा. एक कोट हवाय. मेहुण्याच्या मुलाचं लग्न आहे."

मास्तरांनी सवयीने गळ्यातला टेप काढला, त्याच्या खांद्याला लावला, आणि मध्येच थांबले.

"आधी सांगा," ते म्हणाले, "घालणार कोण?"

आत ताई एवढी हसली की तिच्या हातातली गाळणी खाली पडली.