औशाला नेलेला एवढुसा कॅमेरा

औशाची मावशी घर बंद करून मुलाकडे पुण्याला राहायला जाणार, हे कळलं तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या. आईला घेऊन तिच्याकडे जायचं आणि वाटेत लातूरला चांगला छोटा कॅमेरा घ्यायचा. दोघी बहिणींचा एकत्र हसतानाचा फोटो आमच्याकडे एकही नाही. माझा मोठा कॅमेरा पिशवीतून निघाला की आई पदर सारखा करते, ओठ मिटते आणि खांबासारखी उभी राहते.

नांदेडहून सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून आई खुशीत. दोन्हीकडे तूर फुलावर होती. लातूरला उतरल्या उतरल्या गरम निलंगा राइस खाल्ला; तो चुकवू नका.

दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक झूमवाला, पण सेन्सर लहान. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात फोटो दाणेदार येत होते. दुसऱ्याचा सेन्सर मोठा, लेन्स उजळ, वर उजेड कमी-जास्त करायची एक्स्पोजरची चकती आणि तरी पर्समध्ये मावणारा.

"याला झूम नाही?"

"न्हाई ताई. जवळ जावं लागतंय."

महाग होता. तरी तोच घेतला.

औसा तिथून जवळच. किल्ला सखल जागी आहे, अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. फोटो काढायचा म्हणून आई आणि मावशी बुद्धविहारात जाताना नेसतात त्या पांढऱ्या साड्यांत किल्ल्यापाशी आल्या होत्या. भर उन्हात फोटोत पांढरं हमखास जळतं, नुसता पांढरा डाग उरतो. चकती थोडी मागे फिरवली आणि साडीची वीणसुद्धा दिसली. मी कॅमेऱ्यावर खूश. चेहरे मात्र पासपोर्टचे.

"मावशी, हस की."

"दात दाखवू व्हय? उद्या भिंतीवर लावशील. हार घालणाऱ्याला वाटंल, बाई लई खुशीनं गेली."

तेव्हा कुठे मला कळलं. या दोघींच्या लेखी प्रत्येक फोटो भिंतीवरचाच, शेवटचा.

घरी आल्यावर मावशीने कॅमेरा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढुसाच हाय की. यात भिंतीवरचा फोटो कुठनं यायलाय?"

"हाव, पाकिटात ठेवण्यापुरता येत असंल," आई म्हणाली.

मी त्यांचा तो समज तसाच राहू दिला. दोघी साड्या बदलून स्वयंपाकघरात हरभऱ्याची भाजी निवडायला बसल्या. उजेड एका खिडकीचा. झूम नव्हतं, म्हणून सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"तुझी माय माझी चप्पल घालून शाळेत पळायची," मावशी मला म्हणाली. "मी अनवाणी."

"तुझे पाय केवढे! ती चप्पल मीच वढत न्यायची, तुला काय त्रास?" आई म्हणाली आणि दोघी एकमेकींवर कलल्या. मी बटण दाबलं; त्यांच्या हसण्यात शटरचा आवाज ऐकूच आला नाही.

मावशी आता पुण्याला आहे. घरातल्या माणसांचे फोटो काढायचे असतील, तर मी असाच कॅमेरा सुचवेन. लांबून काढता येत नाही, ही त्याची मोठी गोष्ट.

नांदेडला तो फोटो मोठा करून आणला. आईने तो दोन्ही हातांत धरला.

"एवढ्याशा डबड्यातनं एवढा मोठा?" मग म्हणाली, "दात दिसायलेत."

"मग भिंतीवर नको लावू?"

"राहू दे. हाच लाव." तिने भिंतीकडे पाहिलं. "दोघींचा हाय पण. हार मोठा लागंल."