आत्या खोलीत असली की अडकणारं मशीन

आधीच सांगून ठेवतो — आमच्या घरात लिंबू कापलं जातं ते फक्त सरबताला. भूत, करणी, नजर असल्या सगळ्या गोष्टी आजोबांनी धम्म घेतला त्याच दिवशी घराबाहेर टाकल्या. त्यामुळं पुढचं वाचून 'गौतम, तू पण?' म्हणणाऱ्यांनी जरा दम धरा. मलाच अजून काही कळलेलं नाही... कळलं असतं तर इथं लिहीत कशाला बसलो असतो?

मी कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी जागा होणारा. कंपनी पुण्यात, मी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात, घरातल्याच पुढच्या खोलीत. कंपनीनं टेस्टिंगला एक मशीन पाठवलं होतं. त्याच्या प्रोसेसरमध्ये मेमरी एन्क्रिप्शनची सोय आहे — मेमरीत जे काही असेल ते प्रोसेसर स्वतःच कुलूपबंद करून ठेवतो. तक्रार अशी होती की काही गिऱ्हाइकांची मशीनं सुरू होतानाच अडकतात. का अडकतात ते शोधून दुरुस्त करणं, हे माझं काम.

आणि माझ्याकडं ते मशीन मस्त सुरू व्हायचं! नुसती चिडचिड. चोर समोर आलाच नाही तर धरायचं कुणाला?

मग एका दुपारी ते अडकलं. काळी स्क्रीन, ढिम्म. मला तर आनंदच झाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, फक्त कोपऱ्यात आत्या वाकळ, म्हणजे गोधडी, शिवत बसली होती.

सुभद्रा आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिला चकलांब्याला दिली होती. पहिल्याच वर्षी नवरा गेला, पाठोपाठ दावणीची म्हैस मेली, आणि सासूनं हिला पांढऱ्या पायाची ठरवलं. आजोबा जाऊन घेऊन आले. मला तिनंच वाढवलं. पण ते पांढरे पाय तिच्या डोक्यातून काही गेले नाहीत. कुणाची नवी गाडी दारात आली की ही अजून मागच्या दारानं परड्यात जाऊन उभी राहते. उन्हाळ्यात कूलर माझ्या खोलीत, म्हणून दुपारची तिथं बसायची.

आधी योगायोग म्हटलं. पण रोज तेच! आत्या खोलीत असली की अडकायचं, नसली की सुरळीत. ती आल्यावर कूलर लावते म्हणून ती नसताना कूलर लावून बघितला — मशीन चालू. तिचा मोबाइल टेबलावर ठेवला — चालू. तिच्या सतरंजीवर, मांडीवर वाकळ घेऊन मी स्वतः बसलो... चालू! आणि आत्या नुसती दारात येऊन "जेवतो का रं?" म्हणाली, की अडकलं.

टीममधला माझा दोस्त इम्रान, मूळचा माजलगावचा. त्याला फोन लावला तर खो खो हसला. "काय बे, आता पॅचमध्ये काय लिवणार? आत्या डिटेक्शन?" पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती.

"हसू नको, लई डोकं फिरलंय."

"मग तिला भाईर बसव अन् काम उरक."

मी तसंच करायला लागलो. आत्या, चहा टाक. आत्या, दुकानातून कोथिंबीर आण. पण ती काय कुक्कुलं बाळ आहे?

एका दुपारी बाहेर आलो तर ही पत्र्याखाली, त्या भाजणाऱ्या उन्हात, पदरानं वारा घेत बसलेली. शेजारी पिशवी भरलेली.

"हे काय?"

"केजला जाते, काशीकडं. ऱ्हाते थोडं दिस." काशी म्हणजे तिची धाकटी बहीण.

"कावून?"

"तुझं काम अडतंय, गौत्या. मी भाईर गेले की चालतंय त्ये. मला काय कळत न्हाई व्हय? तुझ्या पोटावर कशाला पाय देऊ?"

"असलं काही नसतं आत्या!" मी ओरडलोच.

"मग मला सारखं उठवतो कावून?"

रडूच आलं मला. जे तिच्या डोक्यातून काढायला आमच्या घरानं जन्म घालवला, ते माझ्या मशीननं पुराव्यासकट परत आत घातलं होतं. "उद्यापर्यंत थांब, माझी शपथ हाय," एवढंच म्हणालो.

मग कोड पुन्हा पहिल्यापासून वाचला. एक जागा मी आधी सोडून दिली होती, कारण तिथं चूक असती तर मशीन दर वेळी अडकलं असतं. आता तीही वाचली. तिथं कर्नल प्रोसेसरला विचारतो, एन्क्रिप्शनची सोय आहे का? प्रोसेसर म्हणतो, आहे. की कर्नल लागला ती सोय चालूच आहे असं धरून कामाला! अरे, सोय असणं वेगळं आणि ती चालू असणं वेगळं. चालू करायची ती बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमधून, आणि माझ्या मशीनवर ती चक्क बंद होती. हे कुणी विचारतच नव्हतं. तेवढी एक तपासणी घातली — सोय आहे का, आणि चालू आहे का? दोन्हीला हो मिळालं तरच पुढं.

आत्याला हाताला धरून आत आणली. "नगं रं बाबा," म्हणत ती दारातच थबकली. बटण तिलाच दाबायला लावलं. तिनं डोळे मिटून दाबलं. मशीन सुरू झालं. बंद केलं, परत दाबायला लावलं, परत सुरू. ती हसेपर्यंत तेच करत राहिलो.

इम्रानला स्पीकरवर सगळं सांगितलं. "वा बे!" म्हणाला. "थांब. बायोसमधी बंद होतं ना? मग जुन्या कोडनं ते दर वेळी अडकायला पाहिजे. आत्या नसताना चालू कसं व्हत होतं?"

खरंच की! आत्या असताना जे होत होतं ते अगदी कोडप्रमाणं होतं. ती नसताना जे होत होतं, ते होऊच शकत नाही.

"म्हंजी माझ्यानं अडत नव्हतं?" आत्यानं विचारलं.

"नाही आत्या. तू होतीस म्हणून चूक दिसली तरी. नाहीतर 'चूक सापडत नाही' असं कळवून मी मोकळा झालो असतो."

ती सतरंजीवर जाऊन बसली. वाकळ मांडीवर घेतली.

"सोपं हाय," इम्रान म्हणाला. "जुना कोड लाव, आत्याला एकदा भाईर पाठव. लगेच कळंल." ते ऐकून आत्या वाकळ गोळा करून उठायलाच लागली. सवयच ती.

"बस," मी म्हणालो. "कुठं जायचं नाही."

पॅच गेला, मंजूरही झाला. आत्या नसताना ते चालू कसं व्हायचं, ते अजून माहीत नाही. ती बाजाराला गेली की गुपचूप करून बघ, असं तुम्ही सुचवाल... येईल करता. डोक्यात किडा वळवळतोच. पण काहीही निघालं तरी ती आत्याच्या पाठीमागं आत्याचीच परीक्षा होईल, आणि तशी परीक्षा चकलांब्यात एकदा झालेली आहे. मी पुन्हा घेणार नाही.