भातकुलीच्या मोटारीचा आवाज

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हा मी अमरावती–भातकुली मोटार चालवायचो. गाडी माझीच, ड्रायव्हरही मीच, आणि डोकं इंजिनाआधी तापायचं. घर राजापेठेत, गाडी दाराशी उभी. एका वर्षी तिचा सायलेन्सर गंजून फुटला. पहाटे हँडल मारलं की आत बायको छाती धरून उठून बसायची. तिला छातीचा आजार होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, हिची झोप मोडू देऊ नका.

मी तडक अकोला गाठलं. तिथले एक म्हातारे मुसलमान मिस्त्री हातानं सायलेन्सर बनवायचे. त्यांनी तीन पुढ्यात ठेवले. एक जवळजवळ सरळ नळीच, गाडी पळेल पण गाव उठेल. दुसऱ्यात पत्र्याचे पडदेच पडदे, आवाज नाही, पण धूर आत कोंडणार आणि ओझं ओढवणार नाही. तिसरा मधला.

"हा घ्या भाऊ. थोडा बोलते, पण गाडीचा दम कोंडत नाही."

"मले बोलणारा नाही पायजे," मी खेकसलो. "मुका द्या."

"काहून जिद करून राहिले?" ते म्हणाले, आणि मुकाट्यानं मुका बसवून दिला.

पहाटे बायको हललीसुद्धा नाही. मी स्वतःवर भलताच खूश! गाडी भरली की चढावर रडायची, मी निम्मे उतारू खाली उतरवायचो आणि वर त्यांच्यावरच ओरडायचो. आठवड्याभरात भातकुलीच्या अलीकडे एक फुलवाली रिकामी टोपली घेऊन रस्त्यात आडवी आली.

"तुह्या मोटारीचा आवाज आला का आमी मोगरा तोडतो, तुह्याच मोटारीनं अमरावतीले न्याले. आधी तोडला तर सुकते. चोरावानी काहून येऊन राहिला रे?"

"घड्याळ घे एखादं!" मी ओरडलो.

घरी येऊन ही गंमत बायकोला सांगितली. ती हसली नाही.

"तिचं खरं हाये. तुमी नाक्यावर आले का मले ऐकू यायचं. मंग उठून चहा ठेवायची. दिवसातून तेवढ्यासाठीच उठत होती मी. आता तुमी दारात उभे राहता, तवा समजते."

"आन् तुह्या झोपेचं काय?"

"झोपून झोपून काय करू, अवो?"

मला लाज वाटली. तिच्यासाठी म्हणून सगळं केलं, आणि तिलाच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोला. मधला मिस्त्रींनी वेगळा काढूनच ठेवला होता. परतताना नाक्यावर मी उगाच अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला. घरी चहा उकळत होता, आणि ती भिंतीला धरून उभी होती.

"आले?" म्हणाली.

तेव्हापासून पहाटे गाडी दाराशी सुरू करायची नाही, असं मी ठरवलं. दोघं-तिघं उतारू हात लावायचे, उतारावरून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची, मग हँडल मारायचं. दुपारी मात्र नाक्यापासून बिनदिक्कत आवाज करत यायचं.

असे दोन महिने मिळाले. एका दुपारी मी आवाज करत आलो, आणि चूल थंड होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा गाडी काढली. पहाटे खांदा लावला तेव्हा रोजच्या एका उतारूनं विचारलं, "आता काहून ढकलता, भाऊ? घरात तर कोणी नाही."

"ढकल गुमान," मी म्हणालो.