भिंतीवरचं पाणी

मरोळला एलईडी दिवे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. उजेड डोळ्यांत खुपू नये, सगळीकडे सारखा पसरावा, हे बघणं माझं काम. त्यामुळे लोकांच्या घरातले दिवे बघून माझं डोकं फिरतं, आणि सगळ्यात जास्त फिरायचं ते आमच्याच भांडुपच्या घरात. बाबांनी त्यांच्या फिशटँकवर एकच उघडाबोडका एलईडी बल्ब टांगला होता. एका कोपऱ्यात लख्ख, दुसऱ्यात अंधार, आणि शेजारच्या भिंतीवर दिवसभर नुसती प्रकाशाची वळवळ.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी तो बल्ब काढला आणि टाकीच्या लांबीचं दुधी पॅनल बसवलं. आता वाळूचा कण न् कण दिसत होता. भिंतही शांत झाली. "झकास," बाबा म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आठवड्याभराने ऑफिसातून आले तर टाकीतल्या माशांपैकी दोन गोल्डफिश उलटे तरंगत होते. फिल्टरचा पंप सकाळीच कधीतरी बंद पडला असावा. बाबा दिवसभर समोर बसलेले. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. "समोर मरत होते ना, बाबा! डोळे कुठे होते तुमचे?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, "मासे मला गेलं वर्षभर नीट दिसतच नाहीत गं. पंख्याच्या घरघरीत पंपही ऐकू येत नाही. भिंतीवरचं पाणी तेवढं दिसायचं. ते हलतंय म्हणजे पंप चालू आहे, सगळं ठीक आहे, एवढं कळायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शास्त्र तर मला पाठ होतं. एकाच ठिकाणाहून येणारा उजेड हलत्या पाण्यात शिरताना वाकतो. प्रत्येक लाट छोट्या भिंगाचं काम करते, उजेड कुठे गोळा करते, कुठे विसकटते, आणि त्याच्या रेघा भिंतीवर नाचतात. पॅनलचा उजेड शंभर ठिकाणांहून येतो. शंभर रेघा एकमेकींवर पडतात आणि पुसल्या जातात. त्या पुसायच्या कशा, हेच मी इतकी वर्षं शिकले होते. बाबांना काय दिसतं, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजलेत. गेलं ते परत येणार नाही. कडेचं अजून शाबूत आहे, पण पुढचं आत्ताच सांगता येत नाही.

पंप दुरुस्त केला, बल्ब पुन्हा टांगला. तेव्हापासून रोज संध्याकाळी, बाबांना कारण न सांगता, मी टाकीत बोट बुडवून पाणी हलवते. भिंतीवर एकदम गडबड उडते आणि खुर्चीतून आवाज येतो, "हात काढ, मासे घाबरतात!" मग माझा जीव भांड्यात पडतो.

परवा मी पाणी हलवलं तर ते काहीच बोलले नाहीत. मी दोन बोटं घातली, मग अख्खा हात. तरी गप्प.

"दिसतंय गं मला," शेवटी ते म्हणाले. "रोज रोज काय परीक्षा घेतेस?"

मी ओल्या हातानेच चहा ठेवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.